पायापासून प्लेटपर्यंत : जुन्या ॲम्बॅसेडरच्या क्लचची जोडणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, बंगाल व महाराष्ट्र यांच्या ऋणानुबंधांवरही विद्वानांनी आपणांस भरभरून दिले. अशा मालेत मोटारीच्या पोटाखालील दोन सळ्या आणि पाचसहा पिना यांच्यावर भाषण ठेवण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल प्रथम तिचे आभार मानावयास हवेत. आम्ही म्हणजे या मंडळातील चार कुटुंबे. आमच्यापैकी कोणीही व्यवसायाने कारागीर नाही. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक शाळेत भूगोल शिकविणाऱ्या, एक जहाज कंपनीच्या कचेरीतले आणि चौथे घर दोघा विद्यार्थ्यांचे. आम्हांस एकत्र आणले ते एका मोटारीने, आणि त्या मोटारीच्या एका दुखण्याने.

ती मोटार आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली आहे. मंडळाच्या एका दिवंगत ज्येष्ठ सभासदांची ही मार्क टू ॲम्बॅसेडर. त्यांच्या पश्चात मुलांनी ती भंगारात न घालता आमच्या हवाली केली, आणि एकच अट घातली : गाडी चालती राहावी. ही अट ऐकावयास सोपी वाटते. हावडा स्टेशनवर नव्याने उतरणाऱ्या मराठी कुटुंबास घरी आणावयाचे असले म्हणजे हीच गाडी जात असे. १९७७ च्या डिसेंबरात, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, मुंबई-हावडा 'गीतांजली एक्सप्रेस' ही वर्गभेद नसलेली गाडी सुरू झाली. त्या गाडीने आलेल्या कित्येक नोकरदारांनी हावड्याचा पूल पहिल्याने ओलांडला तो या ॲम्बॅसेडरच्या मागच्या सीटवर बसून, पायांशी वळकटी घेऊन. त्यांतील काही मंडळी आज सभागृहात बसलेली आहेत.

ॲम्बॅसेडर ही तशी येथलीच लेक. हिंदुस्थान मोटर्सचा आरंभ १९४२ मध्ये गुजरातेतील ओखा बंदरात झाला. १९४८ मध्ये कारखाना हुगळीकाठी उत्तरपाड्यास आला आणि त्याच्या नावाने 'हिंदमोटर' नावाचे रेल्वे स्टेशनही झाले. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली ही गाडी १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडली, आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले. आम्हां मुंबई-पुण्याकडच्या माणसांची निष्ठा खरे पाहता फियाटवर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ती गाडी, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे एकेकाळी तीच. पण कोलकात्यात पाच पावसाळे काढलेल्या माणसाची निष्ठा बदलते. ठनठनियाच्या गुडघाभर पाण्यातून पिवळी ॲम्बॅसेडर टॅक्सी होडीसारखी निघून जाताना ज्याने पाहिली, त्याला अधिक समजावून सांगावे लागत नाही.

आता दुखण्याकडे वळू. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर गाडी पहिल्या गिअरमध्ये पडताना कुरकुरू लागली. रिव्हर्स टाकताना तर दात खाल्ल्यासारखा आवाज होई. या जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला वेग जुळविणारी कडी नसते, म्हणून क्लच पूर्ण सुटला नाही की पहिली तक्रार तेथूनच येते. एवढ्यावर आम्ही कदाचित दिवस ढकलले असते. परंतु एका संध्याकाळी हाजऱ्याच्या मोडावर, सिग्नलला, आमच्या भूगोलाच्या बाईंनी क्लच तळाशी दाबून धरला असताना गाडी हळूच पुढे सरकली. समोरून शाळेची मुले रस्ता ओलांडीत होती. बाईंचा उजवा पाय ब्रेकवर होता म्हणून काही घडले नाही. त्या दिवसापासून गाडी दाराशी उभी राहिली आणि 'चालती राहावी' या अटीचा दुसरा अर्थ आमच्या ध्यानात आला.

एका गॅरेजमध्ये दाखविली. तेथे सांगण्यात आले की क्लच प्लेट गेली आहे. प्लेट बदलावयाची म्हणजे गिअरबॉक्स उतरवणे आले. दोन दिवस आणि बरेच पैसे गेले. प्लेट नवी आली, कुरकुर जुनीच राहिली. मग नट थोडा आवळून देण्यात आला. आठवडाभर गाडी शहाण्यासारखी वागली, आणि त्यानंतर चढावर क्लच घसरू लागला. इंजिन ओरडे, गाडी हलेना. आधी क्लच सुटत नव्हता, आता धरीना. हे असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी आम्ही चारही घरांनी जमिनीवर पोते अंथरले आणि गाडीखाली डोके घातले.

येथे थोडे तत्त्व सांगणे भाग आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक चकती असते. स्प्रिंगांच्या जोराने ती इंजिनाच्या चाकावर दाबलेली असते आणि त्या घर्षणातून शक्ती पुढे जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा तो दाब उठतो व चकती मोकळी होते. पाय आणि ती चकती यांच्यामध्ये आजच्या बहुतेक गाड्यांत तेलाची नळी किंवा तारेची केबल असते. आम्ही ज्या जुन्या गाडीविषयी बोलत आहोत तिच्यात असते ती निव्वळ लोखंडी जोडणी. पेडलचा दांडा फरशीतून खाली उतरतो. त्याच्या खालच्या आखूड तरफेला एक सळी. ती सळी एका आडव्या दांड्याला, ज्यास मिस्त्री रिले शाफ्ट म्हणतात, वळविते. त्या दांड्याची दुसरी तरफ आणखी एका सळीने क्लचचा फोर्क ओढते. आणि फोर्कच्या टोकावरील कार्बनची कडी जाऊन प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबते. प्रत्येक सांध्यात एक पिन, पिनेला एक स्प्लिट पिन. आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना बुश. हा सारा परिवार गाडीच्या पोटाखाली उघडा, आणि कोलकात्याच्या पाण्याचिखलाचा पहिला मार त्याच्यावर.

आता हिशेब पाहा. समजा पाच सांधे आहेत आणि प्रत्येकाची पिन वा भोक केवळ अर्धा मिलिमीटर झिजले आहे. कोणताही एक सांधा हलवून पाहिला तर कारागीर म्हणेल, 'हे तर चालण्यासारखे आहे', आणि त्याचे म्हणणे त्या सांध्यापुरते खरेच असेल. पण पाचांचे मिळून अडीच मिलिमीटर झाले. पेडलचा दांडा लांब व खालची तरफ आखूड. त्यांचे प्रमाण चारास एक धरले तर पायाखाली तेच अंतर पूर्ण एक सेंटिमीटर होते. त्यात बुशांची झीज मिळवावी. पेडलची चाल तर ठरलेली. फरशी खाली सरकत नाही. म्हणजे पायाने काढलेल्या अंतरापैकी मोठा भाग सांध्यांतला ढिलेपणा भरून काढण्यातच खर्च होतो व चकतीपर्यंत पोहोचतो तो उरलासुरला. गाडी सरकली ती यामुळे. एकही भाग मोडलेला नव्हता. या दोषाला गुन्हेगार म्हणून एकटा कोणी सापडत नाही, आणि म्हणून तो गॅरेजमध्ये ओळखला जात नाही.

नट आवळल्याने काय झाले, तेही यातच आहे. पेडलला वरच्या टोकाशी थोडी मोकळी चाल ठेवावी लागते, ती कार्बनची कडी एरवी प्रेशर प्लेटपासून अलग राहावी म्हणून. सांध्यांतली झीज आणि ही मोकळी चाल पायाला सारखीच लागते. पाय म्हणतो, 'फार ढिले आहे'. नट आवळला जातो. ढिलेपणा सांध्यांत होता तसाच राहतो, आणि जी खरी मोकळी जागा कार्बनपाशी हवी होती ती मात्र संपते. मग कडी सतत घासते, स्प्रिंगांचा दाब अर्धवट उठलेला राहतो, क्लच घसरतो. शिवाय चकती जसजशी झिजते तसतशी ती जागा आपोआपच कमी होत असते. एकीकडे सांधे झिजून पेडल ढिले होत जाते, दुसरीकडे चकती झिजून कार्बनपाशी घट्ट होत जाते. हे दोन्ही एकदम चाललेले असताना केवळ पेडलवर माप घेणारा माणूस फसणारच. आमचे ठाम मत असे झाले की माप घ्यावयाचे ते फोर्कपाशी, हाताने, गाडीखाली जाऊन. कपडे खराब होतात, याला इलाज नाही.

सुटे भाग मिळविण्याची कथा वेगळीच आहे. मल्लिक बाजार आपणांस ठाऊक आहे. पार्क स्ट्रीटच्या जुन्या कबरस्तानापासून हाकेच्या अंतरावरील ती गल्ल्यांची दुनिया; तेथे कोणत्या गाडीचा कोणता अवयव मिळणार नाही, हे सांगणे कठीण. आम्हांस पिनांचा एक संच मिळाला, नव्या डबीत, तेलकट कागदात गुंडाळलेला. घरी आणून जुन्या पिनेच्या न झिजलेल्या टोकाशी ताडून पाहिले तो नवी पिनच बारीक. म्हणजे झिजलेली काढून झिजलेलीच बसवावयाची, फक्त चकाकणारी! ज्या दुकानात घेतल्या ते परत घ्यावयास तयार नव्हते. त्याच बाजारात मात्र एका वृद्ध मिस्त्रींनी, काहीही विकत न घेता, आम्हांस अर्धा तास उभे राहून समजावले की पिन आणण्यापूर्वी भोके पाहा. पिन गोल असते. भोक झिजून लांबट झालेले असते. लांबट भोकात गोल पिन घातली की ती महिन्याभरात पुन्हा वाजू लागते.

हा उपदेश आमच्या साऱ्या खटाटोपाचा कणा ठरला. तरफांची भोके पाहिली तर दोन भोके उघड लांबट होती. आम्ही त्या तरफा घेऊन हावड्यास, बेलिलियस रोडवर गेलो. लेथ आणि ओतकामाच्या त्या वस्तीला एकेकाळी पूर्वेचे शेफील्ड म्हणत. आज गजबज ओसरली असली तरी एकाच सुट्या भागाचे काम अंगावर घेणारे हात तेथे अजून आहेत. भोके वेल्डिंगने भरून घेतली, मूळ जागी मध्य धरून पुन्हा पाडली व रीमरने साफ केली. मध्य धरणे महत्त्वाचे. तो हलला तर तरफेचे प्रमाण बदलते आणि पेडल जड किंवा आखूड होते. पिना तेथेच घडविल्या. पिनेचे पोलाद तरफेपेक्षा फार कठीण घेऊ नये, असे त्या कारागिराचे सांगणे. काहीतरी झिजणारच असेल तर ती चार आण्यांची वस्तू झिजावी, तरफ नव्हे. बुश गनमेटलचे केले. त्यांना आत तेल धरून ठेवणारी खाच पाडून घेतली.

येथे अमेरिकेची थोडी गंमत सांगावीशी वाटते. तिकडे १९६४ च्या पाँटिॲक जीटीओसारख्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. मध्यम आकाराच्या अंगात सहा लिटरांहून मोठे, आठ सिलिंडरांचे इंजिन. आमची दीड लिटरांची ॲम्बॅसेडर त्यांच्यापुढे भाजीची पिशवी घेऊन चाललेली गृहस्थ बाई वाटेल. पण पोटाखाली पाहावे तर तीच कथा : पेडल, सळी, इंजिन आणि चौकट यांच्यामध्ये टेकलेला आडवा दांडा, पिना, बुश आणि तोच वाटून घेतलेला ढिलेपणा. उलट त्यांच्या क्लचच्या स्प्रिंगा इतक्या कडक की दांडे वाकतात. आमच्या एका सभासदांचा भाचा तिकडे अशीच एक गाडी बाळगून आहे. त्याने जाडजूड सूचीपत्रातून पूर्ण संच मागविला आणि तो घरपोच आला. पिना, बुश, स्प्रिंग, वॉशर, सारे एका खोक्यात. आम्ही त्याचा हेवा केला हे कबूल. मात्र त्याच्याकडून एक उपयोगी गोष्ट कळली. आडव्या दांड्याचे एक टोक इंजिनाच्या बाजूला टेकलेले असेल, तर इंजिनाखालचे रबर आधी पाहावे. रबर मेले असेल तर क्लच सोडताना इंजिन हलते, इंजिनाबरोबर दांडा हलतो, आणि गाडी थरथरत सुटते. नवे बुश त्या थरथरीला दोन महिने पुरतात.

बसविण्याचे काम एका रविवारी झाले. चाकांना लाकडी पाचर, गाडी लोखंडी घोड्यांवर; नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये, हे विद्यार्थ्यांना तीनदा सांगितले. सोडण्यापूर्वी सळीच्या आट्यांवर नट कोठे होता तेथे खडूची खूण. परत ओढणारी स्प्रिंग प्रथम काढली, मग स्प्लिट पिना, मग पिना. दोन पिना गंजून इतक्या बसल्या होत्या की रात्रभर तेल पाजावे लागले. सारे रॉकेलमध्ये धुतले. जुन्या पिनेवरून नख फिरविले तर खाचेत अडके. नवे जोडताना प्रत्येक सांध्याला ग्रीस, बुशांना ग्रीस. कार्बनच्या कडीला मात्र थेंबही नाही, कारण ती कोरडीच चालावयाची असते आणि तेथून उडालेले तेल चकतीला लागले तर नव्या प्लेटची माती होते. पिन जेथे उभी बसते तेथे तिचे डोके वर ठेवले. स्प्लिट पिन कधी गळून पडलीच तरी पिन जागी राहावी. आणि स्प्लिट पिन जुनी पुन्हा वापरली नाही. वाकवून सरळ केलेली तार दुसऱ्यांदा वाकविली की कोठे तुटेल, याचा नेम नाही.

शेवटी फोर्कपाशी हाताने चाचपून मोकळी जागा ठेवली, नट लावला, त्यावर दुसरा नट आवळून पहिला बांधला. मग बाई गाडीत बसल्या. इंजिन मंद चालू, क्लच तळाशी, मनात पाच आकडे, आणि रिव्हर्स. काही आवाज आला नाही. पुन्हा केले, पुन्हा काही नाही. जाता जाता एक क्षुल्लक बाब : पेडलखाली एकावर एक दोन जाड मॅट होते. एक काढला आणि पेडलला बोटभर चाल फुकट मिळाली. इतक्या महिन्यांत ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते, गॅरेजच्याही नाही.

आमच्यात एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. काहींचे म्हणणे, हे सारे काढून तेलाच्या दाबावर चालणारा क्लच बसवावा. पेडल हलके होईल, नटाचा जाच संपेल. यात तथ्य आहे. बाईंचा डावा गुडघा दुखतो, आणि त्यांचे मत इतरांहून वजनदार मानले पाहिजे. पण त्यासाठी बॉडीत नवी भोके पाडावी लागतील, कंस वेल्ड करावे लागतील. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. तिच्यात सांगाडा, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असावे अशी अपेक्षा आहे. ती नोंदणी घेतली तर गाडीस मान मिळेल, आणि 'स्टेट्समन'च्या ज्या रॅलीची परंपरा १९६४ पासून दिल्लीत सुरू झाली, तिच्या कोलकात्यातील मेळाव्यात ती उजळ माथ्याने उभी राहील. परंतु त्या नियमाप्रमाणे अशी गाडी रोजच्या कामास वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. मग हावडा स्टेशनवर पाहुण्यांना आणावयास कोण जाणार? नोंदणी घेतली तर गाडी जपली जाते आणि तिचे काम जाते. न घेतली तर जुन्या वाहनांवरचे निर्बंध आवळत चालले आहेत. २००८ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर येथील जुन्या टॅक्सी-बसगाड्यांचे काय झाले, हे आपण पाहिले आहे. दोन घरे नोंदणीच्या बाजूने आहेत, दोन विरुद्ध. बाई विरुद्ध आहेत, गुडघा दुखत असूनही. सळ्यांची जोडणी तूर्त तशीच ठेवली आहे, कारण ती राखली तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. एकदा भोके पाडली की एक वाट कायमची बंद.

पिनांची लांबी व जाडी, भोकांची मापे, बुशांचे बाहेरचे आणि आतले व्यास यांचा एक तक्ता आमच्या विद्यार्थ्यांनी कागदावर नीट काढला आहे, तरफांच्या आकृतीसह. तो मंडळाच्या ग्रंथालयात, डाव्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवला आहे. त्याच पाकिटात प्रत्येक पिनेचा एक जादा नग आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी असेल, त्यांनी माप घेऊन जावे, पिन मात्र परत ठेवावी. सांध्यांना ग्रीस वर्षातून दोनदा : एकदा पावसाळ्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा पूजेच्या सुटीत, पाणी ओसरल्यावर. पुढची पाळी कोणत्या घराची, ते खणाच्या आतल्या बाजूस चिकटवले आहे.